शकुंतलेचे रूळ पाहायला येताय? मूर्तिजापूर ते अचलपूर, पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

आधी मुद्द्याचे सांगून टाकतो. शकुंतला, म्हणजे मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी अरुंद रुळांची छोटी गाडी, आता धावत नाही. जुने व्हिडिओ पाहून पुण्या-मुंबईची पोरे येतात, मूर्तिजापूरच्या खिडकीवर अचलपूरची दोन तिकिटे मागतात आणि आतला माणूस नुसता बघत राहतो. शेवटची काही वर्षे गाडी रडतखडत चालली, कधी चालू तर कधी बंद. मग यवतमाळकडची आणि अचलपूरकडची अशा दोन्ही गाड्या थांबल्या. ही लाइन ब्रॉडगेज करण्याची घोषणा २०१६ सालीच झाली. गाडी पुन्हा सुरू व्हावी म्हणून गावोगावी आंदोलनेही झाली. पण तुम्ही याल तेव्हा रुळांवर गाडी नसेल, असे धरूनच निघा.

मग यायचे कशाला? या गाडीने गावे कशी वसवली ते अजून जागेवर दिसते म्हणून. आधी स्टेशन, त्याला लागून जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याचा कारखाना, पुढे बाजार, अडत्यांच्या पेढ्या, हमालांची वस्ती आणि सगळ्यांच्या पलीकडे काळे शिवार. कापूस शिवारातून स्टेशनाकडे यायचा. तुम्ही स्टेशनातून शिवाराकडे चालायचे. या लेखाची सगळी आखणी याच हिशेबाने केली आहे. नुसते गंजलेले रूळ पाहून, फोटो काढून परत जायचे असेल तर अर्धा तास पुरे, त्यासाठी मार्गदर्शकाची गरज नाही.

निघण्याआधी एवढा इतिहास माहीत असू द्या

वऱ्हाडचा मुलूख १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. पुढे अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि आमच्या काळ्या मातीला अचानक भाव आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जुन्या माणसांची ‘जीआयपी’, १८६७ साली नागपूरला पोचली. खामगावसाठी जलंबहून फाटा निघाला तो १८७० साली. त्यामागेही कापूसच होता.

मुख्य लाइन झाली, पण दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अंजनगाव इथला माल बैलगाडीनेच यायचा. पावसाळ्यात आमच्या रस्त्यांवर बैलगाडीचे काय होते ते वेगळे सांगायला नको. ती उणीव विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीने भरून काढली. मूर्तिजापूर मध्ये ठेवून एक फाटा दक्षिणेला यवतमाळपर्यंत, सुमारे ११३ किलोमीटर, आणि दुसरा उत्तरेला अचलपूरपर्यंत, सुमारे ७६ किलोमीटर. पुलगाव ते आर्वी हा ३५ किलोमीटरचा तुकडाही याच कंपनीचा. कारभार पाहायची मुंबईची किलिक, निक्सन आणि कंपनी. स्वातंत्र्यानंतर देशातल्या बहुतेक रेल्वे सरकारच्या झाल्या, ही मात्र कंपनीच्याच नावावर राहिली. गाड्या मध्य रेल्वेने चालवायच्या आणि मालकी कंपनीची, असा तो करार होता.

इथे एक सूचना. चहाच्या टपरीवर तुम्हाला हमखास ऐकू येईल की या रुळांचे भाडे अजून दरवर्षी कोट्यवधीने लंडनला जाते. ऐकताना मान डोलवा, वाद घालू नका. पण लिहिणार असाल तर एवढे ध्यानात ठेवा की किलिक-निक्सन १८५७ साली मुंबईत उभी राहिलेली पेढी होती आणि पुढे ती भारतीय हातांत गेली. आकडा सांगणारा प्रत्येक माणूस वेगळा आकडा सांगतो, आणि त्यांतला एकही कागद दाखवत नाही.

पायरी पहिली: महिना निवडा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. यावर माझ्यापाशी तडजोड नाही.

दसरा-दिवाळीपासून कापसाची वेचणी सुरू होते, डिसेंबर-जानेवारीत जिनिंग रात्रंदिवस चालतात आणि रस्त्याच्या दोन्ही कडांच्या काट्याकुट्यांना पांढरी बोंडे अडकलेली दिसतात. हवा सुखाची, तुरी उभ्या, हरभरा हिरवागार. हुरडा मिळाला तर नशीब.

मार्च अर्धा सरला की ऊन चढते. एप्रिल-मे तर विचारूच नका. अकोल्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो ही आमच्याकडे बातमीच नसते. २०२४ च्या मे महिन्यात तर उन्हामुळे जिल्हा प्रशासनाला जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. अशा दिवसांत दुपारी बारा ते पाच गावात चिटपाखरू नसते, दुकानांची शटरे अर्धी खाली असतात आणि स्टेशनाच्या उघड्या यार्डात लोखंडाला हात लावला तर चटका बसतो. तरीही उन्हाळ्यातच सुटी मिळत असेल तर पहाटे साडेपाचला यार्डात पोचा आणि दहाच्या आत सावली गाठा. कानाला दुपट्टा बांधा. आमच्याकडे शहाणी माणसे तो बांधल्याशिवाय दारच उघडत नाहीत.

पावसाळ्यात यायचे असेल तर बुटांची माया सोडा. काळी माती ओली झाली की तळव्याला थरावर थर चढत जातो आणि दहा पावलांत पाय उचलेनासा होतो. उन्हाळ्यात हीच माती भेगाळते, आणि भेग इतकी रुंद असते की बेसावध माणसाचा पाय घोट्यापर्यंत आत जातो.

पायरी दुसरी: पाणी सोबत घ्या, आणि का घ्यायचे ते समजून घ्या

बाहेरच्या माणसाला हे पटवून द्यावे लागते. नकाशात पूर्णा नदी दिसते, गावोगावी हातपंप दिसतात, मग पाण्याची काय चिंता? पण अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला हा खारपाणपट्टा आहे. मूर्तिजापूरचा बराच भाग आणि दर्यापूर त्यातच येतात. जमिनीखालचे पाणी खारट. हातपंपाला पाणी भरपूर येते, पण घोट घेतला की तोंड वाकडे होते. या पाण्याचा चहा केला तर दूध नासते. विहिरीवर मोटर बसवून ओलीत करावे तर जमीन चिबडते, मीठ वर येते. म्हणून इथली शेती मुख्यतः पावसावर. कोरडवाहू कपाशी, तूर, मूग, आणि जमिनीतल्या ओलीवर येणारा हरभरा.

पिण्याचे पाणी लांबच्या धरणांतून नळाने येते. दर्यापूर-अंजनगावकडे शहानूर धरणाचे. ते रोज येतेच असे नाही. म्हणून कुणाच्या घरी पाण्याचा तांब्या पुढे आला तर पूर्ण प्या, अर्धे प्यायचे आणि अर्धे फेकायचे असे करू नका. ते पाणी त्या घरच्या बाईने मोजून भरून ठेवलेले असते.

माणशी तीन लिटर पाणी घेऊन निघा. रसवंती दिसली की थांबा. डिसेंबरातही उसाचा रस पिणारे आम्ही लोक आहोत, त्यामुळे रसवंती सापडायला अडचण येत नाही.

पायरी तिसरी: मूर्तिजापूर गाठा

मूर्तिजापूर हे भुसावळ-नागपूर मुख्य लाइनवरचे स्टेशन, अकोला आणि बडनेरा यांच्या मधोमध. मुंबईहून येणारी अमरावती एक्सप्रेस आणि कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेस इथे थांबतात. लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या मात्र न थांबता धूळ उडवत निघून जातात. तिकीट काढण्याआधी थांबा आहे ना ते एकदा पाहून घ्या. नसेल तर अकोल्याला किंवा बडनेऱ्याला उतरा आणि पॅसेंजरने किंवा एसटीने या. दोन्हीकडून तासाभराचे अंतर. पश्चिमेकडून येत असाल तर शेगावला गाडी थांबली की खिडकीतून कचोरी घ्याच. मूर्तिजापूरला पोचेपर्यंत तोच नाश्ता.

रस्त्याने येणाऱ्यांसाठी राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे. याच अमरावती-अकोला पट्ट्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला होता. शकुंतलेची वाट पाहण्यात आमच्या पिढ्या गेल्या आणि रस्ता चार-पाच दिवसांत झाला, असे इथले लोक हसत सांगतात. हसण्यातला कडवटपणा ओळखा.

मुक्कामाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मूर्तिजापुरात साधे लॉज आहेत. गरम पाणी आणि बरी खोली हवी असेल तर अकोल्यात राहा.

पायरी चौथी: यार्ड नीट पाहा

ब्रॉडगेजच्या फलाटावर उतरलात की लगेच बाहेर पडू नका. शकुंतलेची बाजू कुठली ते एखाद्या हमालदादाला किंवा चहावाल्या काकांना विचारा. ‘ते शकुंतलेचे रूळ कोणीकडे आहेत जी?’ एवढे विचारले की उत्तरासोबत अर्धा तास गप्पा फुकट. ‘थे गाडी तं बंद झाली ना बापा, आता काहून आले?’ हा प्रश्न ठरलेला. मोकळेपणाने सांगा की पाहायला आलो.

मुख्य लाइन ओलांडायची ती पादचारी पुलावरूनच. तारांत वीज खेळते आहे आणि गाड्या वेगाने जातात. रुळांवर विनापरवानगी उतरणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. छोट्या लाइनवर गाडी नसली तरी जागा रेल्वेचीच. स्टेशन मास्तरांना आधी भेटा, नाव-गाव सांगा, फोटो काढू का म्हणून विचारा. विचारणाऱ्याला सहसा कुणी अडवत नाही.

आता रुळांकडे या. दोन रुळांमधले अंतर अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. शेजारची ब्रॉडगेज साडेपाच फूट, १६७६ मिलिमीटर. दोन्ही एका नजरेत येतील अशी जागा शोधा. लहान रुळांवर एक पाय इकडे आणि एक तिकडे ठेवून सहज उभे राहता येते. ब्रॉडगेजवर ते जमत नाही. लहान गेज घेण्यामागे पैशाचा हिशेब होता. रूळ हलके, पूल अरुंद, भराव कमी, वळणे जास्त चालतात. माल म्हणजे कापूस, त्याला वेगाची घाई नव्हती.

मग खाली बसा. उकिडवेच बसा, कारण सराटे आणि बाभळीचे काटे भरपूर. रुळाच्या पोटावर, म्हणजे वरचा माथा आणि खालचा पाया यांच्यामधल्या उभ्या भागावर, हात फिरवा. जुन्या रुळांवर कारखान्याचे नाव आणि साल उठावाच्या अक्षरांत ओतलेले असते. गंजाचे पापुद्रे बोटाला लागतात, त्याखाली अक्षर हाताला आधी कळते, डोळ्यांना नंतर दिसते. ओल्या फडक्याने पुसले आणि उजेड बाजूने पडू दिला की वाचता येते. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर तिरप्या उन्हात हे सोपे जाते, भर दुपारी काहीच दिसत नाही. फोटो काढा, वहीत उतरवा, पण एक खिळाही खिशात घालू नका. रेल्वेचे सामान बाळगण्यावर १९६६ चा वेगळा कायदा आहे, आणि भंगारचोरांमुळे इथले लोक आधीच वैतागलेले आहेत.

इंजिनांचेही ऐकून ठेवा. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून इथे धावू लागले आणि सात दशके धावले. एप्रिल १९९४ मध्ये त्याच्या जागी डिझेल आले. म्हणजे कापूस मुंबईच्या बंदरातून मँचेस्टरकडे जायचा आणि त्याच मँचेस्टरचे इंजिन तो ओढायला इकडे यायचे. साठी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, त्या इंजिनाची शिट्टी तोंडाने काढून दाखवतील. हेही सांगतील की मधल्या स्टेशनांवर तिकीट द्यायला कुणी नसायचे. गार्डच तिकीट फाडायचा आणि फाटक लावायला गाडीतलाच माणूस खाली उतरायचा. फाटक लागले, गाडी पुढे गेली, पुन्हा थांबली, फाटक उघडले, माणूस पळत येऊन चढला. अशा गाडीला अचलपूर गाठायला चार तास लागायचे यात नवल नाही.

पायरी पाचवी: जिनिंगमध्ये जा

हे न पाहता परतलात तर निम्मे राहिले. स्टेशनाकडून बाजाराच्या दिशेने निघालात की जुन्या जिनिंग-प्रेसिंगची आवारे लागतात. उंच भिंती, पत्र्याची छपरे, मोठा दरवाजा. काही बंद पडली, काहींत गोदामे झाली, आणि चालू असलेले बहुतेक नवे कारखाने गावाबाहेर महामार्गाकडे गेले. आधी जुने आवार बाहेरून पाहा, मग चालू असलेल्या जिनिंगमध्ये जा.

तिथे थेट आत शिरायचे नाही. आधी ऑफिसात जाऊन मुनीमजींना किंवा मॅनेजरला भेटा. रामराम म्हणा, कुठून आलात ते सांगा. हंगामात सगळे घाईत असतात, तेव्हा सकाळी गाड्यांची रांग असताना न जाता दुपारी चारच्या सुमारास जा. बिडी, सिगारेट, काडीपेटी, लायटर दारातच ठेवा. कापसाला लागलेली आग आतल्या आत धुमसते, आणि हे लोक त्या बाबतीत कुणाचीही भीड ठेवत नाहीत. तोंडाला रुमाल बांधा, आत हवेत तूस उडत असते. सैल ओढणी, पदर, गळ्यातला मफलर आवरून घ्या. पट्टे फिरत असतात.

क्रम असा. शेतकऱ्याची गाडी काट्यावर चढते, भरलेल्या गाडीचे वजन होते. व्यापारी कापसात कोपरापर्यंत हात खुपसतो, मूठभर काढतो, दाबतो, सोडतो आणि ओल ओळखतो. आता यंत्रेही आहेत, तरी हात आधी जातो. भाव तिथेच ठरतो. शेतकऱ्याचा चेहरा पाहायचा तो याच घटकेला, पण फोटो मात्र काढू नका. मग कापूस गंजीवर पडतो. गंजी म्हणजे दोन मजली घराएवढा पांढरा ढीग. तिथून तो जिनात जातो, रोलरमध्ये रुई आणि सरकी वेगळी होते. एका क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी मुख्यतः सरकी. सरकीचे तेल निघते आणि उरलेली ढेप जनावरांना. रुई प्रेसमध्ये दाबून तिची गाठ बांधतात, १७० किलोची.

ती प्रेस पाहताना स्टेशन इथे का, याचे उत्तर मिळते. मोकळा कापूस वॅगनमध्ये भरला तर वॅगन भरते पण वजन भरत नाही, आणि भाडे हवेचेच जाते. म्हणून जिन आणि प्रेस रुळांच्या शेजारी हवी. प्रेस आली की मजूर आले, मजूर आले की किराणा आला, अडत्या आला, सावकार आला, मग शाळा आली. मूर्तिजापूर, दारव्हा, दर्यापूर, अंजनगाव, यवतमाळ, सगळीकडची मांडणी थोड्याफार फरकाने हीच.

गावात असताना गाडगेबाबांचे गोरक्षणही पाहून या. बाबांचा जन्म शेणगावचा, १८७६ सालचा, पण बालपण गेले याच तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाच्या घरी. तिथे गेलात आणि कुणी झाडताना दिसले तर दोन मिनिटे झाडू हातात घ्या.

पायरी सहावी: कुठला फाटा धरायचा?

पहिल्यांदा येणाऱ्याने अचलपूरचा धरावा. यवतमाळचा फाटा लांब आहे आणि रस्ता रुळांची साथ बऱ्याचदा सोडतो. कारंजा (लाड) हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आणि जुन्या जैन मंदिरांचे गाव, तिथला एक अख्खा दिवस वेगळा काढावा लागतो. पुढचे दारव्हा मोतीबाग स्टेशन आणि नागपुरातले मोतीबाग यांत गोंधळ करू नका. नॅरोगेजचे रेल्वे संग्रहालय आहे ते नागपुरातल्या मोतीबागेत. आणि यवतमाळला आता नव्या रेल्वेचे वेध लागलेत. वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेजचा वर्धा ते कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला, त्यामुळे तिथे शकुंतलेपेक्षा त्या गाडीच्या गप्पा जास्त.

अचलपूरच्या वाटेवर मात्र ७६ किलोमीटरमध्ये जमीन तुमच्यासमोर बदलत जाते. मोटरसायकल सगळ्यांत बरी, पण पंक्चरचे सामान सोबत ठेवा. एसटीने गेलात तरी चालते. दर्यापूर, अंजनगाव आणि परतवाडा असे तीन तुकडे करा. बायांना अर्धे तिकीट, पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत, त्यामुळे गाडी भरलेली असते. काळी-पिवळी, म्हणजे माणसे भरून नेणारी जीप, हा दुसरा पर्याय, पण शेवटचा माणूस बसेपर्यंत ती हलत नाही.

लाखपुरीजवळ पूर्णा लागते. इथे उतरा. लक्षेश्वराचे देऊळ आहे आणि नदीचा काठ आहे. रेल्वेच्या पुलावर चढू नका, काठावरूनच पाहा. लहान गाडीसाठीही नदी लहान होत नाही, हे पुलाचे खांब पाहिले की कळते. इथून दर्यापूरपर्यंत सगळे सपाट, झाडे कमी, क्षितिज लांब, रुळांवर वेड्या बाभळीचे रान. बाहेरचे लोक याला उजाड म्हणतात. जानेवारीत हरभरा घाट्यावर आला की या, मग म्हणून दाखवा.

दर्यापूरचे स्टेशन बनोसा या नावाचे. स्टेशनाच्या नावाची पाटी शोधताना दर्यापूर शोधत बसू नका. पुढे लेहगाव, कापूसतळणी, मग अंजनगाव सुर्जी. दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात ३० डिसेंबर १८०३ ला तह झाला तो इथलाच. त्याआधी पंधरा दिवस, १५ डिसेंबरला, गाविलगडचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला होता. गावात पानमळे आहेत आणि पानपिंपळीचेही मळे आहेत. बारी समाजाच्या माणसांनी पिढ्यान्पिढ्या राखलेले, वरून आच्छादलेले, आत दमट आणि गार. मळेवाल्या काकांना विचारून, चपला बाहेर काढून आत जा. खारपाणपट्ट्यातून येऊन त्या सावलीत शिरलात की अंगाला फरक कळतो.

अंजनगाव सोडले की उत्तरेला सातपुड्याची निळी रांग उभी राहते आणि पथ्रोटकडे संत्र्याच्या बागा सुरू होतात. इथले पाणी गोड. त्याच लाइनवर, त्याच तालुक्यांच्या रांगेत, पाणी बदलले की पीक बदलते, घरे बदलतात, माणसांच्या बोलण्यातली घाईही बदलते.

अचलपूरला जाणाऱ्या एसटीच्या पाटीवर बहुतेक वेळा परतवाडा लिहिलेले असते. ही जुळी शहरे आहेत. जुने अचलपूर हे इमादशाहीचे ठिकाण, १४९० ते १५७४ पर्यंत वऱ्हाडची सत्ता इथून चालली. परतवाडा इंग्रजांच्या छावणीने वाढले. शकुंतलेचे शेवटचे स्टेशन पाहून झाले की ऑटो करून दुल्हा गेटकडे जा, तटबंदीच्या बाजूने चाला, आणि वेळ असेल तर गावाबाहेरचा हौज कटोरा पाहा. कोरड्या पडलेल्या हौदात उभा असलेला अष्टकोनी मनोरा आहे तो. परतवाड्यात मेळघाटातल्या सागवानाचा डेपोही आहे. कापसाखेरीज या गाडीला काय मिळत असेल ते तिथे समजते.

पायरी सातवी: पोटाचे पाहा

सकाळी पोहे, वरून तर्री. दुपारी खानावळीत ज्वारीची भाकरी, पाटोडीचा रस्सा किंवा वांगे, आणि ठेचा. ठेचा आधी बोटाच्या टोकावर घेऊन बघा. ‘तिखट कमी करा’ असे म्हणालात तर करतील, पण मावशींच्या मनातून उतराल. अमरावतीच्या बाजूला गिला वडा मिळतो. डिसेंबर-जानेवारीत आलात तर परतवाड्याहून बहिरमच्या यात्रेला नक्की जा. महिनाभराहून जास्त चालणारी ही यात्रा मातीच्या हंडीतल्या मटणासाठी आणि गोवरीवर भाजलेल्या रोडग्यांसाठी प्रसिद्ध आहे. शाकाहारी माणसाला रोडगे आणि वांग्याची भाजी. तूप मात्र जास्त मागा, रोडगा कोरडा खाण्याची वस्तू नाही.

माणसांशी बोलताना

‘भाऊ’, ‘काका’, ‘मावशी’ आणि वाक्याच्या शेवटी ‘जी’, एवढ्यावर काम भागते. लगेच मोबाइल पुढे करू नका. जुन्या रेल्वे क्वार्टरमध्ये आजही माणसे राहतात. अंगणात भांडी, दोरीवर धुणे, दारात बाज. ते त्यांचे घर आहे, तुमचे प्रेक्षणीय स्थळ नाही. रुळावर पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांच्या मोळ्या वाळत घातलेल्या असतील तर फोटोसाठी हलवू नका, त्या कुणाच्या तरी चुलीसाठी आहेत.

रेल्वेत गँगमन किंवा खलाशी म्हणून राबलेले एखादे आजोबा भेटले तर तुमचा ठरलेला बेत मोडा. त्यांना विचारायचे प्रश्न साधे ठेवा. पगार कुठे व्हायचा, पावसाळ्यात भराव वाहून गेला की काय करायचे, गाडी कोणत्या ठिकाणी हमखास रुळावरून उतरायची. ‘तेव्हा कसे वाटायचे’ असे विचारले की माणूस गप्प होतो. कामाबद्दल विचारले की तासभर बोलतो. चहा त्यांना पाजू द्या, पैसे देण्याची घाई करू नका.

परतीचे

परतवाड्याहून अमरावतीला एसटी वरचेवर सुटतात आणि अमरावती-बडनेरा इथून पुढच्या गाड्या मिळतात. आल्या वाटेने मूर्तिजापूरला परतण्याचा हट्ट धरू नका, कारण अंजनगाव-दर्यापूर मार्गावर संध्याकाळनंतर एसटी विरळ होतात. एक रात्र जास्त हाताशी असेल तर परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला जा. तिथे डिसेंबरात थंडी चांगलीच असते आणि मूर्तिजापूरसाठी आणलेले कपडे पुरत नाहीत, तेव्हा स्वेटर बॅगेत वरच ठेवा. घाटातली शेवटची एसटी किती वाजता ते परतवाड्याच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत विचारा, पाटीवर लिहिलेल्या वेळेवर जाऊ नका.